रिकाम्या वेळेतला पडदा : नवी मुंबईतल्या एका परमिट रूमचं प्रकरण

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या रेस्टॉरंट-परमिट रूमवाल्यांना परवान्यांच्या कामात आणि रोजच्या कारभारात मदत करते. बारमध्ये मोठा पडदा लावून सिनेमे दाखवायची कल्पना घेऊन दरवर्षी दोन-चार जण माझ्याकडे येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न पडदा किती मोठा घ्यावा हाच असतो. ज्या जागेने या प्रश्नापासून सुरुवात केली आणि पुढे बरंच काही शिकली, तिची ही हकिकत मालकांच्या संमतीने लिहिते आहे. जागा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, निर्णय आणि चुका मात्र घडल्या तशाच आहेत.

पार्श्वभूमी

ज्यांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या त्यांना भूखंड देणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या जागेवर एका आगरी कुटुंबाने इमारत बांधली. तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर रेस्टॉरंट आणि परमिट रूम, त्यावर चार मजले फ्लॅट. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. पंचवीसेक वर्षं हा धंदा त्यांनी स्वतः गल्ल्यावर बसून केला. गिऱ्हाईक ठरलेलं होतं : मार्केटमधले व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले आणि संध्याकाळी लोकलने उतरून घरी जायच्या आधी अर्धा तास टेकणारे नोकरदार. सोळा टेबलं, चौसष्ट खुर्च्या. सुरमई रवा फ्राय आणि बोंबील यांच्यासाठी लोक लांबून येत.

धंद्याला ओहोटी लागली ती हळूहळू. वाइन शॉपमधली तीच बाटली घरी नेली तर निम्म्या खर्चात भागतं, आणि घरी टीव्हीवर सिनेमेही आहेत. २०२३ च्या अखेरीस परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आणि बिलाचा आकडा आणखी फुगला. भाऊंची मुलगी, म्हणजे ताई, तेव्हा अंधेरीतली एडिटिंग स्टुडिओतली नोकरी सोडून घरच्या धंद्यात आली होती.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला पुरुषांच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. ताईने त्या दिवसापुरता प्रोजेक्टर भाड्याने आणला. भारत हरला, लोक मान खाली घालून घरी गेले, पण त्या दिवसाचा गल्ला गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता एवढा झाला. दुसऱ्याच आठवड्यात भाऊंनी स्वतःचा प्रोजेक्टर, तिरकं मोजलं तर १५० इंच भरणारा पडदा, चार स्पीकर आणि एक भलामोठा सबवूफर घेतला. डिसेंबरपासून दर शुक्रवारी रात्री साडेआठला सिनेमा सुरू झाला. ताईचा लॅपटॉप, तिचं घरचं ओटीटी खातं आणि एक केबल, एवढीच तयारी. तिकीट नव्हतं.

इथेच पहिला निर्णय झाला होता, फक्त तो निर्णय आहे हे कोणाला जाणवलं नव्हतं. क्रिकेटवरून सगळ्यांनी धरून चाललं की पडदा गर्दी खेचतो आणि गर्दी म्हणजे धंदा. पण क्रिकेटला आलेलं गिऱ्हाईक षटकाषटकाला बोलतं, ओरडतं, विकेट पडली की ‘रिपीट’ म्हणतं. सिनेमाला बसलेलं गिऱ्हाईक गप्प बसतं.

अडचण

मला बोलावणं आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि तेही नोटीस आल्यावर. एका चित्रपटाचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी ती पाठवली होती. सोबत कोणत्या तारखेला कोणता चित्रपट दाखवला, त्याचं इन्स्टाग्रामवरचं पोस्टर आणि हॉलचे फोटो. जाहिरात ताईनेच मोठ्या हौसेने केली होती.

ताई म्हणाली, “मॅडम, आम्ही एक रुपया तिकीट घेतलं नाही. पैसे भरून घेतलेलं खातं आहे.” हा समज मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओटीटीचं खातं घरगुती, वैयक्तिक वापरासाठी दिलेलं असतं. ते धंद्याच्या जागी चालवायचं नाही, हे अटींमध्येच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपट लोकांपुढे मांडण्याचा हक्क हक्कधारकाचा आहे, आणि तिकीट लावलं की नाही याने त्यात फरक पडत नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. याशिवाय प्रदर्शनाच्या जागेचा विषय वेगळाच. सिनेमा परवाना असलेल्या जागीच दाखवावा असं राज्याचा १९५३ चा सिनेमागृहांचा कायदा सांगतो. परमिट रूमचा एफएल-३ परवाना मद्यविक्रीचा आहे. त्याने सिनेमाची परवानगी मिळत नाही.

नोटिशीमुळे मला जमाखर्च पाहायला मिळाला आणि दुसरी अडचण उघड झाली. शुक्रवारी हॉल भरलेला असे, तरी विक्री उतरली होती. पूर्वी शुक्रवारी रात्री एकेक टेबल दोनदा, कधी तीनदा फिरायचं. आता साडेआठला बसलेले चौघे सव्वाअकरालाच उठत. पहिल्या वीस मिनिटांत ऑर्डर, मग सन्नाटा. दोन बिअर, शेंगदाणे, एक मसाला पापड, आणि अडीच तास टेबल अडकलेलं. दारात थांबलेली माणसं समोरच्या बारकडे वळत. हे सगळ्यात आधी ओळखलं होतं कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने. वीस वर्षं तिथे काम करणाऱ्या या माणसाला सगळे काका म्हणतात. त्यांनी जुन्या केओटी बुकांच्या, म्हणजे स्वयंपाकघरात ऑर्डर पाठवायच्या वह्यांच्या, मागे दर शुक्रवारचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. विचारलं कोणी नव्हतं, म्हणून सांगितले नव्हते.

जुनं गिऱ्हाईकही नाराज होतं. दिवसभर हमाली-हिशेब करून आलेल्या माणसाला दोन पेग घेत बोलायचं असतं. त्याला कॉलेजची पोरं ‘शूऽऽ’ करत होती. आणि ती पोरं हा वेगळाच धोका. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, इतर मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. सिनेमाच्या गर्दीत एका टेबलावर एकोणीसचा आणि सव्वीसचा एकत्र बसले, की ग्लास कुठून कुठे सरकतो हे अंधारात कळत नाही.

वरच्या मजल्यांची तक्रार तर पहिल्या महिन्यापासून होती. संवाद वर ऐकू जात नसत, पण सबवूफरचा घुमारा स्लॅबमधून चढायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, “माझ्या कपाटातली भांडी वाजतात गं.” ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल मर्यादा आहे. सिनेमाचा शेवट, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, नेमका अकराच्या सुमारास येत होता.

कोणते मार्ग होते

नोटीस आली तो बुधवार होता. परवा शुक्रवार. आधीच जाहीर झालेला सिनेमा रद्द करायचा का, यावर बाप-लेकीत माझ्यासमोर वाद झाला. ताईचं म्हणणं, अचानक बंद केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. भाऊंचं म्हणणं सरळ होतं : “दुसऱ्याची वस्तू हाय ना? मग हात काढ.” शुक्रवारचा सिनेमा रद्द झाला. भाऊंच्या वकिलांनी उत्तरात चूक मान्य केली, प्रदर्शन थांबवल्याचं कळवलं, आणि ठरावीक रक्कम भरून तडजोड झाली. रक्कम बोचणारी होती, बुडवणारी नव्हती. त्या दोन दिवसांत घेतलेला हा निर्णय पुढच्या सगळ्याचा पाया ठरला असं माझं मत आहे. नोटिशीनंतर आणखी एक खेळ झाला असता, तर तडजोडीला समोरचे बसलेच नसते.

आता पडदा तर घेतलेला होता. त्याचं काय करायचं?

पहिला मार्ग, सिनेमा सोडून फक्त क्रिकेट. त्यालाही व्यावसायिक जोडणी आणि सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याची परवानगी लागते, पण ती वाट मळलेली आहे. भाऊंचा कल इकडे होता. सामने मात्र वर्षभर नसतात.

दुसरा, रीतसर छोटं सिनेमागृह करायचं. शेजारी त्यांचाच पार्टी हॉल होता. पण तो एफएल-३ च्या मंजूर नकाशाबाहेर. नकाशात दाखवलेल्या जागेबाहेर मद्य देता येत नाही. नकाशा वाढवायचा म्हणजे राज्य उत्पादन शुल्क, महापालिका, अग्निशमन अशा सगळ्या दारांतून पुन्हा जायचं. ताईला हाच मार्ग हवा होता. मी विरोध केला, कारण सिनेमाला लोक येतात की पडद्याच्या नव्याईला, हेच अजून माहीत नव्हतं.

तिसरा मार्ग ताईने स्वतः शोधला. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे २०२४ उजाडल्यावर १९६३ आणि त्याआधीचे चित्रपट मोकळे झालेले. तिने उत्साहाने यादी केली. यादीत सर्वांत वर प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’.

भाऊ खुर्चीवरून उठलेच. “तुकोबांच्या पुढ्यात ग्लास नाय ठेवायचा. माज्या बापाने माळ घातली होती.”

ताई म्हणाली, “बाबा, आपण बार चालवतो.”

“चालवतो. म्हणूनच सांगतो.”

त्यावर कोणी काही बोललं नाही. माणूस काय विकतो आणि काय पूजतो यांच्यातली रेघ त्याची त्यालाच आखू द्यावी. सल्लागाराने तिथे बोट घालू नये असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. यादी बाजूला ठेवली गेली. तशीही एक कायदेशीर गाठ होतीच. चित्रपटाचा कॉपीराइट संपला तरी गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. याच चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटतो. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला आहे. जुना सिनेमा म्हणजे सगळंच मोकळं, असं धरून चालता येत नाही.

चौथा मार्ग होता छोट्या मराठी चित्रपटांचा. सेन्सॉर प्रमाणपत्र असलेले, थिएटरात आठवडाभर, तेही सकाळच्या खेळात लागून उतरलेले. त्यांच्या निर्मात्यांकडून थेट लेखी परवानगी घ्यायची, प्रत्येक खेळाचं मानधन द्यायचं. ताईच्या एडिटिंगच्या ओळखी इथे कामी येणार होत्या. हा मार्ग सगळ्यांना पटला, पण शुक्रवारचं गणित त्याने सुटत नव्हतं. अडीच तास अडकलेलं टेबल सिनेमा कायदेशीर झाला म्हणून मोकळं होत नाही.

ते गणित काकांनी सोडवलं. बैठक संपता संपता ते म्हणाले, “मॅडम, रविवारी चार ते सात मी आणि चार पोरं माश्या मारत बसतो. एसी चालू, गॅस चालू. तेव्हा दाखवा की.”

आम्ही सगळे गप्प झालो. बार आणि सिनेमा म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रात्रच आली होती. शुक्रवारची रात्र विकली जातच होती, तिथे सिनेमा आणून आम्ही विकलेली वेळ पुन्हा स्वस्तात विकत होतो. रविवारी दुपारची जेवणं साडेतीनला उरकतात आणि पिणारं गिऱ्हाईक साडेसातच्या आधी येत नाही. मधली ती चार तासांची जागा सिनेमाच्याच मापाची होती. पावणेपाचला सुरू, सव्वासातला शेवट. दहाच्या मर्यादेला स्पर्श नाही, आजींची भांडी नाहीत, जुन्या गिऱ्हाइकाची रात्र त्याची त्याला परत.

काय केलं

एप्रिल २०२४ मध्ये पहिला रविवार ठरला. त्याआधीचे पाच आठवडे तयारीत गेले.

परवानगीच्या पत्रात काय असावं हे वकिलांनी ठरवून दिलं : चित्रपटाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, जागा, किती खेळ, किती मानधन. मी एक ओळ वाढवायला लावली. ‘या जागी मद्य दिलं जातं’ हे स्पष्ट लिहायचं. ताईला भीती होती की निर्माते नाही म्हणतील. एकाने म्हटलंही. आपल्या आईवरचा सिनेमा आहे, तो तिथे नको, असं त्याने कळवलं. ताईने त्याला आभाराचा निरोप पाठवला. उरलेल्यांनी आनंदाने होकार दिला. एक दिग्दर्शिका म्हणाली, “माझा सिनेमा कोणीतरी पैसे देऊन मागतंय, हेच दोन वर्षांनी घडतंय.” प्रदर्शनाच्या परवानगीचा अर्ज वकिलांनी वेगळा केला. मानधन गल्ल्यातून जायचं, प्रेक्षकाकडून तिकीट घ्यायचं नाही, टेबल फोनवर राखायचं. हे साधं ठेवलं.

उजेडाचा प्रश्न अनपेक्षित निघाला. रात्री जो पडदा ठीक दिसत होता, तो पावणेपाचच्या उन्हात पांढराफटक. हॉलच्या खिडक्या पश्चिमेला. भाऊंनी दोन दिवसांत जाड काळे पडदे शिवून घेतले आणि ते खिडक्यांवर, भिंतींवर आणि मागच्या दारावरही लावून टाकले. मागच्या दाराखालून उजेडाची चीर येत होती म्हणून.

मी गेले आणि दारावरचा तो पडदा स्वतः उतरवला. माझा आवाज चढला होता. ते बाहेर पडण्याचं दार होतं. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिलमधल्या आगीत १४ माणसं गेली. त्या आठवड्यापासून मी कुठल्याही जागेत शिरले की आधी दुसरं दार शोधते. अंधार, दारू प्यायलेली माणसं, स्वयंपाकघर शेजारी आणि दार काळ्या कापडाआड, हे चारही एकत्र आले की काय होईल ते भाऊंना सांगावं लागलं नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, “चुकलं माजं.” खिडक्यांना आग न धरणारं कापड आलं, दारावर उजळणारी पाटी लागली, वाटेतली दोन टेबलं उचलली. जानेवारी-जुलैला अग्निशमन यंत्रणेचा जो फॉर्म बी द्यावा लागतो तो या जागेने नेमाने भरला होता, पण कागदावर ठीक असलेली जागा एका पडद्याने धोक्यात येऊ शकते. पडद्यांचा एक फायदाही झाला. टाइल्स आणि काचांमुळे हॉलमध्ये संवाद घुमायचे, ते कापडाने शोषले. सबवूफर बंदच करून टाकला. छोट्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या या चित्रपटांना त्याची गरजही नव्हती.

सर्व्हिसचं काम काकांनी हातात घेतलं. अमेरिकेत ऑस्टिनला १९९७ मध्ये सुरू झालेल्या एका सिनेमागृहात प्रेक्षक कागदावर ऑर्डर लिहून ठेवायचे आणि वेटर वाकून न बोलता तो कागद उचलायचा, हे ताईने वाचलं होतं. काकांनी जुनी केओटी बुकं कापून चिठ्ठ्या केल्या, टेबलावर पेन्सिली ठेवल्या. त्यांची खरी करामत मात्र मध्यंतर. आपल्या सिनेमात मध्यंतर असतं आणि बारसाठी यासारखी सोय नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पहिली ऑर्डर, मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी चिठ्ठ्या गोळा, मध्यंतर वीस मिनिटांचं, बिलंही तेव्हाच. पहिल्या रविवारी त्यांनी घाई व्हायला नको म्हणून पेग आधीच भरून ठेवले आणि गिऱ्हाइकांनी ते परत पाठवले. पेग डोळ्यांसमोर मोजला गेला पाहिजे, ही परमिट रूममधली जुनी अट आहे. पुढच्या रविवारपासून बिअर आणि क्वार्टर टेबलावर आणूनच उघडायचं ठरलं.

मेनूतून पापड गेला, सिझलर गेला. शांत प्रसंगात पापडाचा आवाज सहा टेबलं ऐकतात. शेंगदाण्यांच्या जागी उकडलेले दाणे आले. बोंबील मध्यंतरात मिळू लागले.

आणखी एक काम मी हट्टाने करून घेतलं. या जागेत महिलांचं स्वच्छतागृह नावालाच होतं. दाराला कडी नाही, आत रिकामे क्रेट रचलेले. भाऊ म्हणाले, बायका येतातच किती. मी म्हटलं, हे पाहून कशा येतील? क्रेट हलले, कडी, आरसा, दिवा, डबा आला. सगळ्या तयारीतला हा जवळजवळ सगळ्यात स्वस्त खर्च होता.

गाडीचा विषय काकांनी स्वतःहून काढला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे, आणि सव्वासातला बाहेर पडणारा माणूस पाम बीच रोडवर ऐन गर्दीच्या वेळी निघतो. राखलेल्या टेबलाला फोनवरच विचारायचं, गाडी कोण चालवणार. त्या माणसाला कोकम सरबत भाऊंकडून.

निष्पत्ती

पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. दुसऱ्या रविवारी नऊ. ताई खचली होती. तिसऱ्या रविवारी दिग्दर्शिका स्वतः आली, सिनेमानंतर साडेसातपर्यंत गप्पा रंगल्या, आणि त्यानंतर हॉल निम्म्याहून खाली क्वचितच गेला. येणारे लोक कोणाच्याच अंदाजातले नव्हते : निवृत्त जोडपी, नेरुळच्या एका वाचन गटातल्या बायका, एकटे येणारे पन्नाशीतले पुरुष. एक बाई म्हणाल्या की नवी मुंबईत पस्तीस वर्षं राहते, परमिट रूमची पायरी पहिल्यांदा चढले. दोन चित्रपट पूर्ण पडले. एकाला तर मध्यंतरातच निम्मे लोक उठले.

पैशाचं सांगायचं तर रविवारच्या त्या तीन तासांतून आता कामगारांचा पगार, वीज आणि निर्मात्याचं मानधन निघून थोडी शिल्लक पडते. यातून कोणी श्रीमंत झालेलं नाही. मोठा फायदा शुक्रवारी झाला, कारण तिथे सिनेमा नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी बरेच परतले. तीन-चार जण समोरच्या बारमध्ये स्थिरावले ते आलेच नाहीत, आणि भाऊंना ते अजून लागतं.

१९ मे २०२४ चा रविवार वेगळा गेला. २० मेला ठाणे लोकसभा मतदारसंघात मतदान होतं, म्हणून आदल्या दिवशी मद्यविक्री बंद. ताई तो रविवार सोडून देणार होती. काउंटरला कुलूप, बाटल्या आत. भाऊच म्हणाले, “त्या दिवशी लाव तुजा तुकाराम.” वकिलांनी हक्कांचे कागद आणि संगीताचा परवाना तपासून होकार दिला. त्या रविवारी लोक नातवंडांना घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या आजीही खाली उतरल्या. चहा, कांदाभजी, मध्यंतरात पुन्हा चहा. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत जाऊन गौरव मिळवून आलेला तो चित्रपट, विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा, आणि अभंगाला हॉलमध्ये मागून कोणीतरी टाळी धरली. भाऊ शेवटपर्यंत मागच्या दाराशी चपला काढून उभे होते. गल्ला अर्थात कमी झाला. ताईने हिशेबात त्या दिवसापुढे काहीच लिहिलं नाही, रकाना कोरा ठेवला.

वेगळं काय करता आलं असतं

प्रोजेक्टर घ्यायच्या आधी वकिलांकडे एक तास बसायला हवं होतं. पडद्याच्या मापापेक्षा सिनेमा कोणाचा, हा प्रश्न आधी. यात माझाही दोष आहे. डिसेंबरमध्ये मी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तिथे गेले होते, शुक्रवारचं पोस्टर पाहिलं होतं, आणि ते माझं काम नाही म्हणून बोलले नव्हते. एका वाक्याने ती नोटीस टळली असती.

काकांच्या पेन्सिलीचे आकडे जानेवारीतच कोणी विचारायला हवे होते. मालक, मुलगी आणि सल्लागार असे आम्ही तिघे चर्चा करत होतो आणि उत्तर असलेला माणूस पाण्याचे ग्लास आणून देत होता. आता मी कुठल्याही जागी पहिली बैठक कॅप्टनशी करते.

सबवूफर आणि दोन स्पीकर भाड्याने आणून महिनाभर पाहिलं असतं तर ते पैसे वाचले असते. पहिल्या दोन रविवारी दिग्दर्शकाला बोलवायला हवं होतं. तिसऱ्यापर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

पार्टी हॉलचा नकाशा वाढवण्याबद्दल ताईचं आणि माझं अजून जुळत नाही. तिला तिथे चाळीस खुर्च्यांचं कायमचं छोटं सिनेमागृह हवं आहे. २०२५ मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क दोन्ही वाढलं, १४ जुलैला राज्यभरातल्या परमिट रूमनी त्याविरोधात बंद पाळला. अशा वर्षी नवी गुंतवणूक करू नये असं मी सांगितलं. ती म्हणाली, पाच वर्षांपूर्वी सुरुवात केली असती तरी तुम्ही हेच म्हणाला असता. कदाचित तिचं बरोबर असेल. तिने अर्ज तयार करून ठेवला आहे, भाऊंची सही व्हायची आहे.

त्या वर्षीची आषाढी ६ जुलैला, रविवारीच आली. आषाढीला भाऊंचा काउंटर बंदच असतो. जूनच्या शेवटी मला त्यांचा फोन आला. परवान्याचं काही असेल म्हणून मी कागद समोर ओढले. ते म्हणाले, “मॅडम, वकील सायबांना विचारून ठेवा. तुकाराम पुन्ना लावायचाय. आणि येताना आईला घेऊन या.”